महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ताण कसा ओळखावा आणि कसा आटोक्यात ठेवावा

परीक्षा, सबमिशन, मागे राहिलेले विषय, पैशांची ओढाताण आणि पुढे काय करायचे हा न सुटलेला प्रश्न, या सर्वांची मनात एकच मोळी बांधली जाते आणि मग उपायही एकच शोधला जातो. ताण हाताळण्याचे काम ती मोळी सोडण्यापासून सुरू करावे. श्वसनाचे व्यायाम, ध्यान, फिरणे हे सारे उपयोगी असले तरी त्यांचा क्रम नंतरचा आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. धोका जाणवताच अ‍ॅड्रेनलिन हे शरीराला सावध करणारे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि पचन मंदावते. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि शरीराला जादा ऊर्जा मिळत राहते. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले की, त्रासाचे कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. ही यंत्रणा थोड्या वेळाच्या संकटात फार कामाची आहे, परंतु सहा महिन्यांचे सत्र म्हणजे थोडा वेळ नव्हे, आणि ती सतत चालू राहिली की झोप, भूक, एकाग्रता आणि स्वभाव या सर्वांवर परिणाम होतो. तरीही ताण शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवू नये. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले होते की, काम जितके अवघड तितकी त्यासाठी उत्तेजना कमी लागते. विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते एवढेच, की किचकट प्रकरण मन शांत असताना हाती घ्यावे आणि डोके भणभणत असेल तेव्हा वही पूर्ण करणे, आकृत्या काढणे अशी यांत्रिक कामे उरकावीत.

पहिली पायरी नोंदीची आहे. आठवडाभर रोज दोन-तीन ओळी लिहाव्यात: ताण केव्हा जाणवला, त्याआधी काय झाले होते, शरीरात काय जाणवले (डोके दुखणे, पोटात गोळा येणे, तेच पान पुन्हा पुन्हा वाचूनही काही न उमगणे) आणि त्यानंतर आपण काय केले. यातील शेवटची नोंद सर्वांत बोलकी ठरते, कारण टाळाटाळ तिथेच पकडली जाते. पुस्तक मिटून फोन हाती घेतल्यावर मिळणारा दिलासा खरा असतो, पण त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होते.

दुसरी पायरी म्हणजे वर्गवारी. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे केले होते: एक समस्येवर काम करण्याचा आणि दुसरा भावनांवर काम करण्याचा. नोंदीतील प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहावा, ‘माझ्या कृतीने हे बदलेल का?’ राहिलेला प्रकल्प बदलेल. लागलेला निकाल किंवा घरातील आजारपण बदलणार नाही. गफलत होते ती उपायांची अदलाबदल केल्याने. दीर्घ श्वास घेऊन प्रकल्प लिहून होत नाही आणि कितीही रेखीव वेळापत्रक आखले तरी दुःख हलके होत नाही.

जे बदलण्याजोगे आहे, त्यासाठी तिसरी पायरी, आणि माझ्या मते विद्यार्थ्याचा सर्वाधिक ताण इथेच कमी होतो. ‘अभ्यास करायचा आहे’ हे काम नसून धास्ती आहे. ‘दुसऱ्या प्रकरणातील पाच उदाहरणे सोडवायची आहेत’ हे काम आहे. प्रत्येक मोठ्या कामाचे अर्ध्या-पाऊण तासात संपतील असे तुकडे करावेत, प्रत्येकापुढे लागणारा वेळ लिहावा आणि तो दीडपट करावा, कारण आपल्या कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची प्रवृत्ती अनुभवी माणसांतही असते. अभ्यासाची पद्धतही तपासावी. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, पण उत्तरपत्रिकेसमोर तो आठवेलच असे नाही. पुस्तक मिटून आठवेल ते लिहून पाहणे आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा तसेच करणे अधिक टिकाऊ ठरते. मुदत पाळता येणार नसेल तर शिक्षकांना ती संपण्यापूर्वी भेटावे. मुदतीआधीची विनंती आणि नंतरची सबब यांत शिक्षक फरक करतात, आणि तो रास्तच आहे.

झोपेशी तडजोड करू नये. या वयात साधारण ७ ते ९ तास झोप लागते आणि दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, त्यामुळे रात्रभर जागून वाचणारा आपलीच मेहनत पाण्यात घालतो. कॅफिनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाच्या कॉफीचा बराच अंश रात्री अकरालाही जागाच असतो. झोपण्याची वेळ पाळणे अवघड जात असेल, तर निदान उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी.

आता श्वासाकडे येऊ. परीक्षेच्या दालनात किंवा तोंडी परीक्षेपूर्वी छाती धडधडू लागली तर चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. असे तीन-चार मिनिटे करावे. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित मंदावतो, म्हणून सोडण्याचा काळ लांबवायचा. रोजचे भरभर चालणे, आठवड्याला एकूण १५० मिनिटे, हा त्याहून टिकाऊ उपाय आहे.

जे बदलता येत नाही, ते विश्वासातल्या माणसाशी बोलावे. बोलताना ‘मला सल्ला नको, फक्त ऐकून घे’ असे आधीच सांगितले, तर दोघांचीही अडचण कमी होते.

उदासी, झोप न लागणे, कशातही रस न वाटणे किंवा अचानक घाबरे होणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, अथवा ताण विसरण्यासाठी दारू किंवा अन्य नशेचा आधार घ्यावा लागत असेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जावे आणि आठवड्याची नोंदवही सोबत न्यावी. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे आणि तातडीची मदत घ्यावी. मित्राच्या बोलण्यात तसे काही जाणवले, तर त्याला आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर मदत पोहोचेपर्यंत त्याला एकटे सोडू नये, आणि त्याने कुणाला न सांगण्याची शपथ घातली तरी ती पाळू नये.