जुन्या आउटबोर्ड इंजिनाची पाण्याची वाट : खोलण्यापूर्वीची तयारी

१९५०च्या दशकातले जॉन्सन किंवा एव्हिनरूड बनावटीचे, दहा अश्वशक्तीच्या आसपासचे दोन सिलिंडरचे आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन) तापू लागले, की बहुतेक जण सर्वांत आधी पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारे रबरी पात्यांचे चाक, मागवतात. तो बदलावा लागतोच. परंतु खालच्या जाळीपासून सिलिंडर हेडपर्यंतची (सिलिंडरवरच्या झाकणापर्यंतची) पाण्याची सगळी वाट मोकळी झाली नाही, तर नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतच राहते. म्हणून तयारी संपूर्ण वाटेची करावी.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे. आजच्या इंजिनांप्रमाणे बाजूने पाण्याची बारीक धार सोडण्याची सोय यांपैकी अनेक इंजिनांना नाही. इंजिनाच्या पायाच्या (पाण्यात उतरणाऱ्या उभ्या भागाच्या) मागच्या बाजूला असलेल्या छिद्रातून धुरासोबत तुषार उडतात, त्यामुळे धार दिसत नाही एवढ्यावरून पंप बंद पडला असे ठरवू नये. तपासणीसाठी दोनशे लिटरचे पिंप मोकळ्या हवेत मांडावे, प्रोपेलर काढून ठेवावा आणि पंप पूर्ण बुडेल इतके पाणी भरावे. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदही चालवू नये, कारण रबरी पात्यांना पाण्याचेच वंगण असते. हेडचे तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवावा. तो नसेल तर हेडवर पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि ते चर्र करून उडाले तर इंजिन तत्काळ बंद करावे. दोन सिलिंडरपैकी एकच जास्त तापत असेल, तर संशय पंपापेक्षा हेड गॅस्केटवर (हेड आणि सिलिंडर यांच्यामधल्या गळतीरोधक पातळ थरावर) किंवा तुंबलेल्या मार्गावर घ्यावा.

सुटे भाग खोलण्यापूर्वी हातात असावेत. होडीला इंजिन अडकवण्याच्या ब्रॅकेटवरील पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. त्यानुसार इंपेलर, त्याची चावी (त्याला शाफ्टवर अडकवणारा छोटा धातूचा तुकडा), पंपाखालची पत्री, पाण्याच्या नळीचे रबरी बूच (नळीचे टोक ज्यात बसते ते), सील, हेड गॅस्केट आणि त्या मॉडेलला असल्यास थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) मागवावा. जुने हेड गॅस्केट पुन्हा वापरण्याची काटकसर माझ्या मते करूच नये.

हत्यारांत खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा), हीट गन आणि गंज सोडवणारे तेल लागेल. मिशिगन सरोवराच्या गोड्या पाण्यात वापरलेले इंजिन आणि कोकणातल्या खाडीत चाललेले इंजिन यांच्यात इथे मोठा फरक पडतो: खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियममध्ये रुतलेले बोल्ट जोर लावताच तुटतात, म्हणून आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे आणि सकाळी गरम करून हळूहळू मागेपुढे हलवत काढावेत. खोलताना स्पार्क प्लगच्या वायरी काढलेल्या असाव्यात आणि गिअरची दांडी कुठे सुटते ते आधी शोधून ठेवावे.

इंपेलर बाहेर आल्यावर तो नीट निरखावा. नव्याची पाती सरळ उभी असतात. जुन्याची एकाच दिशेला वाकून तशीच कडक होतात आणि त्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात. एखादे पाते अर्धवट तुटलेले असेल, तर तो तुकडा सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये, कारण तो बहुधा नळीतून वर जाऊन कुठेतरी अडकलेला असतो. नळीत तार फिरवावी आणि वरून पाणी सोडून खाली मोकळे येते का ते पाहावे. हेड काढल्यावर पाण्याच्या कप्प्यांत साचलेले क्षार लाकडी काडीने खरवडावेत, उरलेले व्हिनेगरने भिजवावेत. शौचालयाचे ॲसिड ॲल्युमिनियम खाते, ते वापरू नये. हेडची बैठक जाड सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासावी, म्हणजे उंचवटे कळतात. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून, सोबत थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. साधारण ६० अंश सेल्सिअसनंतर तो उघडायला हवा.

जोडणीसाठी पाणी सहन करणारे ग्रीस जवळ असू द्यावे. पंपाचे घर (आवरण) बसवताना शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरती गती खाली नेणारा उभा दांडा, वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवावा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या खाचांना ग्रीस कडेनेच लावावे. टोकावर लावल्यास ते क्रँकशाफ्टमध्ये (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यात) दबून राहते आणि शाफ्ट पूर्ण वर चढत नाही. पाण्याची नळी रबरी बुचात गेली आहे याची खात्री टॉर्च लावून करावी. खालचा भाग हाताने पूर्ण बसला पाहिजे. तो बोल्ट आवळून ओढून घेऊ नये, कारण नळी बुचाबाहेर राहिली तर ती तिथेच चेपते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

चाचणीच्या इंधनात २४ भाग पेट्रोलला १ भाग टू-स्ट्रोक तेल असावे, कारण तेल कमी पडले तर पाणी व्यवस्थित फिरूनही इंजिन तापते. पिंपात इंजिन चांगले गरम झाल्यावर दोन्ही सिलिंडरची तापमाने लिहून ठेवावीत, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि हेडचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.