जानेवारीतल्या गॅलेक्सीवर तोंड उघडण्याआधी वहीत काय काय हवं

दिवाळीचं गिऱ्हाईक ओसरलं की आमच्याकडे दुसरा सीझन सुरू होतो, तो बोलण्याचा. "नवा एस येतोय म्हणं, थांबू काय वो?" असं बेळगावच्या खडे बाजारातला मराठीत विचारतो. बैलहोंगलकडचा कन्नडमध्ये "यावाग बरतदरी?" (कधी येतो?) म्हणतो. दोघांनाही उत्तर आजच हवं असतं. त्यात चिकोडी-अथणीकडचं ऊसबिल हातात येण्याची वेळ आणि सॅमसंगच्या एस मालिकेची वेळ बहुतेक एकच पडते. (बिल १४ दिवसांत द्यावं असं कायदा म्हणतो, कारखाना काय म्हणतो ते ज्याचं त्याला ठाऊक.) म्हणजे आपण सहज जे बोलू त्यावर कुणीतरी खरोखर पैसे धरून बसतं. दुकानात असा किंवा घरात असा, ज्याला "याला मोबाइलमधलं कळतं" म्हणून पुढं केलं जातं, त्याने पुढच्या एसबद्दल अंदाज सांगण्याआधी ही तयारी करावी.

एक वही घ्या. फोनमधली नोंद चालणार नाही, कारण काउंटरवर फोन दुसऱ्याच्या हातात असतो. पानावर रकाने पाडा. बातमी काय, कुणी दिली, कधी दिली, आणि भारत. भारताचा रकाना सगळ्यांत रुंद. २०२३ च्या हिवाळ्यात माझ्या वहीत पहिले तीन होते, चौथा नव्हता. म्हणून या यादीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

भारताचा रकाना कशासाठी, ते आधी. सॅमसंग स्वतःची एक्झिनॉस चिप, म्हणजे फोनचा मेंदू, बनवते आणि क्वालकॉमची स्नॅपड्रॅगनही विकत घेते. एकाच नावाचा फोन एका देशात एका चिपवर आणि दुसऱ्या देशात दुसरीवर विकला जातो. आपल्याकडे एस २० आणि एस २१ एक्झिनॉसवर आले. एस २२ स्नॅपड्रॅगनवर आला. एस २३ तर साऱ्या जगात स्नॅपड्रॅगनच होता. मग लोकांनी, आणि मीही, गृहीत धरलं की आता हा प्रश्न मिटला. जानेवारी २०२४ मध्ये एस २४ आणि एस २४ प्लस आपल्याकडे एक्झिनॉस २४०० घेऊन आले, फक्त अल्ट्राला, म्हणजे मालिकेतल्या सगळ्यांत महागाला, स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. अमेरिकेत मात्र तिन्ही स्नॅपड्रॅगन. म्हणजे तोवर यूट्यूबवर अमेरिकेतल्या फोनचे जे गोडवे ऐकून आपण सांगत होतो, तो फोन आपल्याकडे येणारच नव्हता. पुढच्या वर्षी एस २५ परत सगळीकडे स्नॅपड्रॅगन ८ एलिट. जुलै २०२५ मध्ये घडीचा फोल्ड ७ स्नॅपड्रॅगनवर, तर त्याच दिवशी आलेला घडीचाच फ्लिप ७ एक्झिनॉस २५०० वर. यातून नियम काढून दाखवा बघू. "मागच्या वेळी असं होतं म्हणून यंदाही तसंच" हे वाक्य वहीत लिहायचं नाही, तोंडात आणायचं नाही. नव्या चिपबद्दल जे कानावर येईल ते सगळं लिहून घ्या, पण भारताच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

आणि चिप हा एकच मुद्दा नाही. फोन मुळात इथे येणार का, हा त्याआधीचा. २०२३ मध्ये सॅमसंगचा एम ५४ बाहेरच्या देशांत जाहीर झाला, त्याचे व्हिडिओ आले, लोक विचारायला लागले. आपल्याकडे त्याच्याच अंगाचा एफ ५४ आला, जूनमध्ये. एम ५४ ची वाट बघणारे वाटच बघत राहिले. ए ७३ भारतात विकला गेला, त्याच्या पुढचा ए ७४ कुठेच आला नाही. तरी "ए ७४ कधी?" हे कितीतरी दिवस चाललं होतं. आमच्या भागात खपतात ते ए, एम आणि एफ. अल्ट्राच्या गप्पा मारायला बरं वाटतं, पण निपाणीचा माणूस वीस हजारांतला फोन मागतो. तेव्हा भारताचा रकाना या स्वस्त मालिकांसाठी तर जास्तच नीट भरा.

तारखांचं काम सोपं आहे. जुन्या लिहून काढा, बाकी आपोआप दिसतं. एस २३ १ फेब्रुवारी २०२३, एस २४ १७ जानेवारी २०२४, एस २५ २२ जानेवारी २०२५. ए मालिकेतले मोठे तिन्ही वर्षं मार्चमध्ये, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे. घडीचे फोन जुलैत. एफई, म्हणजे एसचीच स्वस्त आवृत्ती, २०२४ आणि २०२५ ला सप्टेंबरात. संक्रांतीनंतर एस, हा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. कधी फेब्रुवारीपर्यंत लांबेल अशी कुजबुज उठते, तीही लिहा. तारीख ठामपणे मात्र कुणालाही सांगू नका. कंपनी स्वतः आमंत्रण काढते, तेव्हा काय ते कळेल.

नावांच्या बाबतीत गुंता आहे आणि त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. एस २६ च्या वेळी कुणी म्हणालं प्रो येणार, कुणी म्हणालं प्लस जाऊन एज येणार, मग ऐकू आलं की एज बारगळला आणि प्लस परत आला. या कंपनीने नोट ५ नंतर थेट नोट ७ काढला, एस १० नंतर एस २०, आणि नोट मालिका २०२० नंतर बंद करून तिचा पेन एस २२ अल्ट्रामध्ये घातला. एस २५ एज तर मालिकेतल्या इतरांनंतर चार महिन्यांनी, मे २०२५ मध्ये उगवला. नावावर पैज लावणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

नावापेक्षा मॉडेल नंबर कामाचा. एस २२ चे नंबर ९० ने सुरू, एस २३ चे ९१, एस २४ चे ९२, एस २५ चे ९३. पुढचे ९४ ने सुरू होणार हे शेंबडं पोरही सांगेल. शेवटचा आकडा १ साधा, ६ प्लस, ८ अल्ट्रा, असं एस २५ पर्यंत चाललं, आणि एज मध्येच ९३७ म्हणून शिरला. नंबरानंतरचं अक्षर देशाचं असतं. यू अमेरिका, एन कोरिया, शून्य चीन, बी बाकीचं बरंच जग. आता इथे थांबा, कारण इथे शहाणे पडतात. एस २२ मध्ये भारतातल्या स्नॅपड्रॅगन फोनला ई होतं आणि युरोपातल्या एक्झिनॉसला बी. त्यावरून पुष्कळांनी "बी म्हणजे एक्झिनॉस" असं पाठ केलं. मग एस २३ बी लावून स्नॅपड्रॅगन आला, एस २४ बी लावून एक्झिनॉस, एस २५ बी लावून पुन्हा स्नॅपड्रॅगन. अक्षरावरून चिप कळत नाही. अक्षरावरून फार तर कळतं की हा फोन आपल्याकडे येऊ शकतो. भारताच्या रकान्यात "बी दिसलं" एवढंच लिहा, पुढची अक्कल लढवू नका.

मग सरकारी दाखले. भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी फोनला इथे विकण्याआधी लागतेच, त्यामुळे तिथे नंबर दिसला की भारताच्या रकान्यात पहिली खरी खूण करा. पण त्या नोंदीत नंबर असतो, कंपनी असते. नाव, रॅम, चिप, तारीख यांतलं काही नसतं. "बीआयएसला आला म्हणजे पुढच्या आठवड्यात लाँच" असं सांगणारे व्हिडिओ बंद करा. चीनच्या थ्रीसी या सुरक्षेच्या दाखल्यात चार्जिंगचे वॅट कळतात, पण तो चीनचा फोन. साधा एस २२ पासून एस २५ पर्यंत २५ वॅटवर अडकलाय, अल्ट्रा ४५ वर, त्यामुळे या आकड्याकडे लोकांचं लक्ष असतं. अमेरिकेच्या एफसीसीचे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचे, कागद अमेरिकेच्या फोनचे. हे सगळे चौथ्या रकान्याबाहेर. सॅमसंगच्या भारतातल्या साइटवर नव्या नंबराचं सपोर्टचं पान उघडलेलं सापडलं तर ते बीआयएसइतकंच वजनाचं, आणि बहुतेक वेळा जास्त जवळचं.

फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच ॲपचे आकडे बघायचेच असतील तर गुणांकडे बघू नका, मदरबोर्डच्या ओळीकडे बघा. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ असेल तर तिथे पाइनॅपल लिहिलेलं असतं, एक्झिनॉस २४०० असेल तर एस५ई९९४५. नव्या चिपांची टोपणनावं आधीच बाहेर आलेली असतात, ती वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा. त्यातही नंबरापुढचं अक्षर बघा, नाहीतर कोरियाचा फोन बघून बेळगावचा अंदाज सांगाल. आणि अशा नोंदी खोट्या बनवता येतात, हेही सोडू नका.

सॉफ्टवेअरची चाचणी चालू असल्याची बातमी आली तर तिच्यातल्या सॉफ्टवेअर नंबरचा शेवटच्या चार अक्षरांचा तुकडा वाचायला शिका. त्यातलं दुसरं अक्षर वर्षाचं, तिसरं महिन्याचं. डब्ल्यू २०२३, एक्स २०२४, वाय २०२५, आणि ए म्हणजे जानेवारी. त्याहून महत्त्वाचा देशाचा कोड. भारताचा आयएनएस. हे तीन अक्षरी शेपूट दिसेपर्यंत चाचणी दुसऱ्या कुणासाठी चालली आहे असंच धरा. आखातातून भावाने किंवा मेहुण्याने पाठवलेला फोन काउंटरवर येतो, त्यात सॉफ्टवेअरच्या माहितीत केएसए किंवा एक्सएसजी निघतं. सौदी आणि अमिराती. हा फोन बघून इथल्या पुढच्या फोनचं काही सांगायचं नाही. काहीच नाही.

कुणी दिली हा रकाना. ऑनलीक्ससारखे आधीच माहिती फोडणारे लोक कारखान्यातल्या आराखड्यांवरून चित्रं करतात, त्यामुळे आकार, कॅमेऱ्यांची जागा, जाडी बऱ्यापैकी जुळते. त्याच आराखड्यांवर कव्हरवाले माल काढतात, म्हणून फोनच्या आधी कव्हर बाजारात येतं. आकाराबद्दल एवढा पुरावा पुरे. चिपबद्दल आणि किमतीबद्दल मात्र हेच लोक भारत धरून बोलत नसतात. युरोपची किंमत रुपयांत बदलून सांगणारा भेटला तर हात जोडा. कर वेगळे आहेत. आपल्याकडे मोबाइलवर जीएसटी १८ टक्के आहे, १ एप्रिल २०२० पासून, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इतर वस्तूंचे दर खाली आले तरी मोबाइलचा तोच राहिला. किंमत सांगायची तर भारतातल्या जुन्या किमती समोर ठेवा. एस २३ ७४,९९९ ला सुरू झाला, एस २५ ८०,९९९ ला. अल्ट्रा १,२४,९९९ वरून १,२९,९९९ ला गेला आणि पुढच्या वर्षी तिथेच थांबला. याच्या आसपास बोला, आणि "आसपास" हा शब्द दोनदा म्हणा.

गिऱ्हाइकाला थांब म्हणायचं की घे म्हणायचं, यासाठी आणखी एक पान. जुना फोन किती उतरतो ते त्यावर. नवा आला की जुन्याचा भाव पडतो, ते सगळ्यांना माहीत आहे. लक्ष जात नाही ते याकडे, की जुन्याच नावाने वेगळी चिप येऊ शकते. एस २० एफई आधी एक्झिनॉसवर आला आणि मार्च २०२१ मध्ये स्नॅपड्रॅगनवर, ५जी म्हणून. एस २१ एफईचंही तसंच झालं, स्नॅपड्रॅगनवाला जुलै २०२३ मध्ये. आणि २०२५ च्या दसऱ्याच्या ऑनलाइन सेलमध्ये एस २४ स्नॅपड्रॅगन घेऊन परत आला. तेव्हा डब्यावरच्या नावावर जाऊ नका. कोणत्या देशाचा, कोणती चिप, कोणत्या महिन्यात, हे तीनही जुन्या फोनलाही लागू. अपडेट एस २४ पासून सात वर्षं आहेत, त्यामुळे "जुना घेतला तर अपडेट बंद होतील" ही भीती घालणं आता सोडा.

माल भरणाऱ्यांसाठी थोडक्यात. डिसेंबरात जुन्या एसचे डबे स्कीमवर गळ्यात मारले जातात, ते घेताना वही उघडा. कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरची स्कीम आणि आपल्याकडची स्कीम एक नसते, निपाणीचं गिऱ्हाईक दोन्हीकडे विचारून येतं, दर ऐकून घ्या, भांडू नका. नव्या फोनसाठी ॲडव्हान्स घ्यायचा तर कंपनीने बुकिंग उघडल्यावर. त्याआधी घेतलात तर पावतीवर चिपचं नाव लिहू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी लिहू नका.

शेवटचा आठवडा. आमंत्रण आलं की तारीख पक्की करा. नव्या अफवा लिहिणं थांबवा. बुकिंगला स्टोरेज वाढवून देतात का बघा. कार्यक्रम अमेरिकेत सकाळी असला की आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात, एस २४ आणि एस २५ ला झाले तसे. कार्यक्रम बघा नाहीतर झोपा, पण दुकान उघडण्याआधी भारताच्या साइटवरचं पान वाचा. डॉट कॉमपुढे आयएन आहे का बघून वाचा. चिपची ओळ वहीत उतरवा. मग मेसेजना उत्तरं द्या. एस २१ पासून चार्जर डब्यात नसतो, तो वेगळा मागवून ठेवा, केबलीही.