रिलेशनशिप वन-वे ठेवायची की टू-वे? आधी वन-वेच ठेवा

डेटाबेसमध्ये टू-वे असं काही नसतंच मुळात. समजा ऑर्डर आणि तिचे आयटम अशी दोन टेबलं आहेत. आयटमच्या टेबलात ऑर्डर आयडीची एक फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) असते, बास, जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) कुठल्याही बाजूने लावा, चालतो. सगळा घोळ कोडमधल्या मॉडेल क्लासचा आहे, म्हणजे आयटमवरून ऑर्डरकडे जाता आलं की पुरे, की ऑर्डरवरून पण डॉट टाकून सगळे आयटम मिळायला हवेत?

सुरुवात अशी करा. फॉरेन की ज्या टेबलात आहे त्याच्याच क्लासमध्ये रेफरन्स टाका. जेपीए किंवा हायबरनेट (जावाचे क्लास टेबलांशी जोडणारी साधनं) वापरत असाल तर हे मेनी-टू-वन (अनेक आयटम, एक ऑर्डर), आणि ते बाय डिफॉल्ट ईगर, म्हणजे लगेच लोड होणारं, असतं म्हणून हाताने लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच लोड होणारं, करून टाका. बरीचशी कामं एवढ्यावरच भागतात.

दुसरी बाजू टाकायच्या आधी बघा, पॅरेंट (जशी ऑर्डर) हातात आला की त्याचे सगळे चाइल्ड (जसे आयटम) खरंच लागतात का, आणि ते मोजकेच असणारेत का? ऑर्डर आणि तिचे आयटम, दोन्हीला हो, मग टाका टू-वे. कस्टमर आणि त्याच्या ऑर्डर्स? नको, कारण जुन्या कस्टमरच्या हजारो ऑर्डर्स असू शकतात आणि लिस्टला हात लावला की ढीगच्या ढीग मेमरीत, त्यापेक्षा कस्टमर आयडीवर पेजिंगवाली (थोड्या-थोड्या ओळी आणणारी) क्वेरी मारा. आणि इन्व्हॉइसला करन्सी लागते म्हणून करन्सीच्या क्लासमध्ये इन्व्हॉइसची लिस्ट, ही कोणाला हवीये?

उलटं, म्हणजे फक्त पॅरेंटकडून वन-टू-मेनी, हे दिसायला सोपं पण हायबरनेटमध्ये महागात पडतं. जॉइन कॉलम सांगितला नाही तर ते मधलं तिसरंच टेबल बनवतं, आणि सांगितला तर आधी इन्सर्ट मग फॉरेन की भरायला वेगळा अपडेट. त्यापेक्षा सरळ टू-वे बरं.

टू-वे केलंच तर मालक एकच बाजू, फॉरेन कीवाली. पॅरेंटच्या लिस्टवर मॅप्ड-बाय लिहायचं, म्हणजे मालक समोरची बाजू आहे हे कळतं. आता नुसतं लिस्टमध्ये आयटम ॲड केला आणि आयटमवर ऑर्डर सेट केली नाही तर फॉरेन की रिकामीच जाते, किंवा कॉलम नॉट-नल (रिकामा न चालणारा) असेल तर एरर, म्हणून ऑर्डरमध्ये ॲड आणि रिमूव्ह अशा दोन छोट्या मेथड लिहा ज्या दोन्ही बाजू एकदम सांभाळतील आणि बाकी कोणाला लिस्टला थेट हात लावू देऊ नका. टू-वेची दुसरी अडचण: जेसन (डेटा बाहेर पाठवायचा मजकूर) बनवताना ऑर्डर आयटमला छापते, आयटम परत ऑर्डरला, हे संपतच नाही, आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लोचा एरर. लॉम्बॉकने (जावाचा ठरावीक कोड आपणहून लिहून देणारी लायब्ररी) आयतं दिलेलं टू-स्ट्रिंग आणि हॅशकोड पण हेच करतं. एंटिटी (टेबलाशी जोडलेला हा मॉडेल क्लास) बाहेर पाठवूच नका, डीटीओ (फक्त पाठवायचा डेटा असलेला वेगळा साधा क्लास) करा.

हे सगळीकडे जसंच्या तसं लागू नाही हां. जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) फॉरेन की टाकली की उलटी वाट आयतीच मिळते, नको असेल तर रिलेटेड-नेममध्ये नुसतं प्लसचं चिन्ह द्यायचं. आणि ॲपलच्या कोअर डेटात (ॲपमधला डेटा साठवायचं फ्रेमवर्क) इन्व्हर्स, म्हणजे उलटी बाजू, दिला नाही तर एक्सकोड (ॲपलचं कोड लिहायचं टूल) वॉर्निंग देतं, तिथे निमूटपणे दोन्ही बाजू द्या.

अजून एक, वन-वे ठेवून उलट्या बाजूने क्वेरी मारणार असाल तर फॉरेन कीवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे का ते बघा. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) तो आपणहून बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही.