मुलांच्या ऑनलाइन मैत्रीतली सोबत कशी समजून घ्यावी

किशोरवयीन मूल खोलीत अभ्यास करत बसले आहे, कानांवर हेडफोन आहेत, पलीकडून कोणी बोलतही नाही, तरी कॉल दोन तास चालूच आहे, हे पाहून पालक बुचकळ्यात पडतात. अशा कॉलमध्ये बोलणे महत्त्वाचे नसतेच. दोघे आपापली पुस्तके उघडून बसलेले असतात, मधूनच एखादा उसासा किंवा पान उलटल्याचा आवाज येतो आणि पलीकडे कोणीतरी आहे एवढेच त्यांना पुरते. म्हणून चौकशीची सुरुवात ‘तो कोण, कुठला?’ अशी न करता ‘तुम्ही दोघे मिळून काय करता?’ अशी करावी. पहिला प्रश्न मुलाला उलटतपासणीसारखा वाटतो, तर दुसऱ्या प्रश्नावर ते बहुधा मोकळेपणाने बोलते.

अशी मैत्री दुर्मीळ नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 ते 17 वयाच्या 57 टक्के मुलांनी ऑनलाइन किमान एक नवा मित्र जोडल्याचे सांगितले होते, मात्र अशा मित्राला प्रत्यक्ष भेटलेली मुले सुमारे 20 टक्केच होती.

ही जवळीक झपाट्याने का वाढते, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये मांडले. लिहून बोलणाऱ्याला शब्द निवडायला सवड मिळते, तो आपली चांगली बाजू पुढे ठेवतो आणि वाचणारा उरलेल्या जागा कल्पनेने भरून काढतो. वर्गात गप्प राहणारे मूल इथे मनातले सांगू शकते, हा लाभ खरा आहे. पण मित्राचे जे चित्र त्याच्या मनात असते, त्यातला काही भाग त्याने स्वतःच रंगवलेला असतो, हेही त्याला शांतपणे सांगावे.

मैत्री दोन्ही बाजूंनी आहे का, हे मुलालाच तपासू द्यावे. नेहमी एकानेच आधी मेसेज करायचा, एकानेच रात्र रात्र जागून दुसऱ्याचे दुःख ऐकायचे, असे होत असेल तर ती सोबत राहत नाही, तो भार होतो. मैत्री घरच्यांपासून लपवण्याचा आग्रह, पैशांची किंवा खासगी छायाचित्रांची मागणी, एकट्याने भेटायला येण्याचा हट्ट यांपैकी काहीही दिसल्यास संपर्क थांबवावा, संभाषण जपून ठेवावे आणि मुलाला दोष देऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते मित्र अचानक नाहीसा होण्याचे दुःख. एके दिवशी खाते बंद होते, कारण कळत नाही आणि हे सांगावे असे घरात कोणी नसते. अशा वेळी ‘तू तर त्याला कधी पाहिलेही नव्हतेस’ असे चुकूनही म्हणू नये. दोघांचा कॉल किती वाजता सुरू होत असे, ते विचारावे, आणि मुलाची हरकत नसेल तर काही दिवस त्या वेळी आपले काम घेऊन, काही न बोलता, त्याच्या खोलीत बसावे.