काळ्या पाषाणातून आम्ल जाऊ देताना: रासायनिक उद्दीपनाची टेबलावरील चाचणी

भूऔष्णिक (जमिनीखालची उष्णता मिळवण्यासाठी खोदलेल्या) विहिरीच्या तळाशी खडक तापलेला असूनही त्यातून पाणी खेळत नसेल, तर खडक न फोडता जुन्या भेगांत साचलेली खनिजे आम्लाने विरघळवून वाट मोकळी करतात. यालाच रासायनिक उद्दीपन म्हणतात. फ्रान्समधील सुल्ट्झ येथे ग्रॅनाइटच्या भेगांतील कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने असेच काढले गेले. सोलापूर परिसरात मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण, आहे. येथे भूऔष्णिक केंद्र नसले, तरी ज्वालामुखी खडक आम्लाला कसा प्रतिसाद देतो हे शिकण्यास हा दगड उत्तम आहे.

खाणीतून पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र दगड आणावा. झिजलेला मुरूम घेऊ नये. तो कुटून १ ते २ मिलिमीटरचे कण चाळावेत, धुवावेत, १०५ अंश सेल्सिअसला वाळवून वजन करावे आणि काचेच्या दोन नळ्यांत सारखे भरावेत. प्रत्येक नळीतून ठरावीक पाणी उतरण्यास लागणारा वेळ नोंदवावा. नंतर एकीतून साधे पाणी आणि दुसरीतून ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू सोडावे. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे. चष्मा, हातमोजे आणि धूर ओढून नेणारे कपाट अनिवार्य आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल विद्यार्थ्यांनी वापरूच नये. त्याचा धोका तर मोठा आहेच, शिवाय बेसाल्टमधील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड बनते आणि भेगा पुन्हा बुजतात.

खरे निरीक्षण यापुढे आहे. बुडबुडे दिसले, तर कॅल्साइट विरघळते आहे. पण नॅट्रोलाइटसारखे झिओलाइट (बेसाल्टच्या छिद्रांत साचणारे खनिज) आम्लात विघटित होताना सिलिकाची जेली तयार करते, आणि मग वजन घटूनही पाणी आधीपेक्षा सावकाश उतरू शकते. म्हणून वजनातील घटीवर समाधान मानू नये. पाणी उतरण्याचा वेळ पुन्हा मोजावा, साध्या पाण्याच्या नळीशी तुलना करावी आणि त्यावरूनच निष्कर्ष काढावा. सायट्रिक आम्लही तपासता येते, मात्र कॅल्शियम सायट्रेट तापमान वाढल्यावर कमी विरघळते, त्यामुळे गरम विहिरीचा अंदाज थंड चाचणीवरून बांधणे चुकीचे ठरेल.

उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याने उदासीन करून, सामू ७ च्या आसपास आल्याची खात्री करूनच प्रयोगशाळेच्या नियमांप्रमाणे टाकावे.