बाय पार्ट्स: दुसऱ्या फेरीत गणित अडकतं तेव्हा काय करायचं

विश्रामबागला बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. बाय पार्ट्स म्हणजे दोन फंक्शनच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत, आणि "लिएट पाठ कर, बाय पार्ट्स झालं" हा सल्ला ऐकून आलेली पोरं दरवर्षी एकाच जागी अडकतात. म्हणून तेवढंच नीट लिहितो.

सूत्र सगळ्यांना येतं: पहिलं तसंच ठेवून दुसऱ्याचं इंटिग्रेशन, वजा, पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह गुणिले दुसऱ्याचं इंटिग्रेशन या सगळ्याचं इंटिग्रेशन. पहिलं कुठलं ते लिएटवरून ठरवा: लॉग, इन्व्हर्स, अल्जेब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. नुसता लॉग एक्स आला तर दुसरं फंक्शन १ घ्या, उत्तर एक्स लॉग एक्स वजा एक्स अधिक सी.

आता खरी अडचण. ई रेज टू एक्स गुणिले साइन एक्स. याच्या इंटिग्रेशनला आय म्हणा. पहिलं साइन, दुसरं ई रेज टू एक्स. पहिल्या फेरीत मिळतं: आय = ई रेज टू एक्स साइन एक्स, वजा (ई रेज टू एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन). त्या वजानंतर कंस घाला म्हणजे घालाच, आणि दुसरी फेरी त्या कंसातच करा. आता पहिलं कॉस, म्हणजे ट्रिगच. आतून येतं ई रेज टू एक्स कॉस एक्स अधिक आय. कंस सोडवला की दोन आय = ई रेज टू एक्स (साइन एक्स वजा कॉस एक्स), त्याचं निम्मं अधिक सी हे उत्तर.

पोरं इथं दोन चुका करतात आणि दोन्हींत आय दोन्ही बाजूंनी उडून जातो, मग घाबरून पान फाडतात. पान फाडू नका, काय उरलं ते बघा! शून्य बरोबर शून्य उरलं तर दुसऱ्या फेरीत तुम्ही निवड उलटी केली, पहिलं ई रेज टू एक्स घेतलं, म्हणजे मगाशी केलेलं सगळं परत उसवलं. आणि साइन बरोबर कॉस असलं काहीतरी अचाट उरलं तर कंस विसरलाय, आयच्या आधीचं चिन्ह बदललेलंच नाही.

आणि लिएट म्हणजे प्रमेय नव्हे, हर्बर्ट कासुबे यांनी १९८३ साली मांडलेली सोयीची युक्ती आहे. या गणितात तर तुम्ही पहिल्या फेरीत ई रेज टू एक्स पहिलं घेतलंत तरी उत्तर तेच येतं, फक्त दुसऱ्या फेरीतही तेच पहिलं ठेवायचं. "लिएट मोडलं की मार्क गेले" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून ताळा करा, इथं कॉस कॉस उडतात आणि साइन दोनदा येतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सीईटीला मात्र ई रेज टू एक्स गुणिले कंसात एक फंक्शन अधिक त्याचंच डेरिव्हेटिव्ह असं दिसलं तर बाय पार्ट्स करत बसू नका, ई रेज टू एक्स गुणिले ते फंक्शन, अधिक सी, पर्यायावर खूण करा आणि पुढचा प्रश्न घ्या.