हत्तिणीचे पाय: कानस उचलण्याआधी

रस्त्यावर भीक मागायला फिरवलेली हत्तीण सुटका होऊन आमच्या हत्ती-केंद्रात आली, की नवी पोरं आधी अंकुशाच्या खुणा शोधतात. मी थेट पायांशी जाते. जून २०१३मध्ये मुलुंडची बिजली ही अशीच हत्तीण रस्त्याकडेला कोसळली आणि महिनाअखेर गेली. एकदा आडवा झालेला हत्ती पुन्हा उभा करणं किती कठीण, हे तेव्हा मुंबईने पाहिलं.

आधी माहुताला विचारा: ही फिरायची की बांधलेली असायची? डांबरावर फिरलेलीचा तळवा घासून पातळ होतो. साखळीला उभी असलेलीचा झिजतच नाही. जाड होतो, भेगाळतो, भेगांत खडे आणि शेण अडकतं. तो जाड तळवा पशुवैद्याने थोडा थोडा तासायचा. पातळ तळव्याला मात्र सुरी लावायचीच नाही. दोघींचं सरसकट ‘पेडिक्युअर’ करू पाहणारे उत्साही लोक भेटतात, त्यांना मी चहा आणायला पाठवते.

खरा वेळ जातो तो पाय उचलायला शिकवण्यात. मजबूत लोखंडी दांड्यांच्या अलीकडे आपण, पलीकडे ती. बांबूच्या टोकाला कापडाचा गोळा बांधा. गोळ्याला पाय लागला की शिट्टी, आणि लगेच केळ्याचा तुकडा. क्षणभर टेकवून पाय काढून घेतला? घेऊ द्या, ओरडू नका. आजवर अंकुश टोचल्यावर पाय उचललाय तिने.

पाय द्यायला लागली, की कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून वीसेक मिनिटं बुडवा, ब्रशने घासा, नखांमधली जागा कोरडी पुसा. पुढच्या पायाला ५, मागच्याला बहुधा ४ नखं. प्रत्येकाचा फोटो तारखेसह ठेवा. हत्तीच्या घामाच्या ग्रंथी नखांच्या मुळाशी असतात. तिथली कातडी वाढून नखावर चढली की ओल कोंडते आणि फोड येतो, म्हणून ती कडा मोकळी ठेवायची. नखं कानशीने हळूहळू घासा. घाण वास आला, पाय गरम लागला किंवा पू दिसला, तर कानस खाली ठेवून डॉक्टरांना बोलवा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशी सुकतच नाही. ओल आणि मुतात उभं राहून तळवा मऊ पडतो, सडतो. शेडखाली कोरड्या वाळूचा उंच ढीग करा. त्याच्या उतारावर टेकून झोपलं की उठणं सोपं जातं. सकाळी कुशीला वाळू चिकटलीय का बघा. रोजच नसेल, तर ती रात्रभर उभीच राहतेय. सांधे दुखत असण्याची शंका घ्या.

वजन वाढलं की भार पायांवरच. वडापाव, बिस्किटं, गुळाच्या ढेपी बंद. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा, तोही विखरून, म्हणजे चालणं होतं. सोंडेला हात लावायला केळी घेऊन येणाऱ्यांना सांगा, केळी इथे ठेवा, शिकवणीला लागतात.